जोडीच्या बाटलीची हकीकत

श्री. सत्याचा रंग ओळखणारे दैवत स्मरून लिहिले ऐसे जे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, वैशाख वद्य पंचमीस एका दूधराज्यी वर्तले ते येणेंप्रमाणे. गादीवर सरकार आणि दूध घेण्याच्या दरवाज्यावर पारखी नरहरपंत. पंतांपाशी एक परदेशी साक्षीदार असे, पारखीचे औषध. नाव डायमिथिल-अमिनो-बेंझाल्डिहाइड, कूळ कडू बदामाचे, नाव पुरते घेईतो दूध नासावे, सबब दरबारी त्यांस नुसते बेंझालराव म्हणत. दुधात कोणी युरिया खत कालविले की बेंझालराव हळदीसारखे गर्द होत. परंतु निर्मळ दुधातही अंगचा युरिया थोडा असतोच, तेथे फिकट पिवळे होत. म्हणून जोडीस सरकारच्या गोठ्यातील दुधाची बाटली मांडून रंग ताडावा, आणि दगा ठरल्यास त्या दुधाच्या धन्याने आपला कॅन आपल्या हाते ओतून कायमचे निघून जावे, हा रिवाज.

त्या दिवशी सरकार स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, आज गर्दी आहे, जोडीची बाटली राहू द्या. पंतांनी मान तुकविली. मग तानूबाई ठोंबरे, वीस वर्षे दूध घालणारी, तिच्या दुधास पिवळे आले आणि पंतांनी दगा म्हटले. बाईने चारचौघांत कॅन ओतिला, हात पदरास पुसले आणि हळूच पुसिले, "पंत, रोज दोन बाटल्या असतात. आज दुसरी कुठं गेली?"

चूक झाकावी तर बाई बुडते, उघडावी तर सरकार कोपतात. मग पंतांनी बाईची म्हैस दरवाज्यावर आणविली, सर्वांदेखत पिळविली आणि सरकारच्या गोठ्यातून आलेल्या कॅनातूनही बाटली भरिली. म्हशीचे दूध फिकट पिवळे जाहले, बाईच्या पहिल्या बाटलीबरहुकूम. सरकारची बाटली हळद जाहली.

सरकार बोलिले, "पंत, औषध शिळं झालंय."

पंत म्हणाले, "बाईचं दूध ओतवलं तेव्हा ताजं होतं, सरकार."

मग सरकारांनी कॅनास हात घातिला, पण ओझे उचलण्याची सवय नव्हती. तानूबाई पुढे जाहली आणि दुसरी कडी धरिली.

"जड असतो," ती म्हणाली. "पहिल्यांदा एकट्यानं उलटत नाही."

येणेंप्रमाणे एका दिवसात दोन कॅन ओतले गेले, एक चुकीने आणि एक रिवाजाने. बाईचा दरवाजा खुला राहिला, सरकारचा मिटला. पंत तेव्हापासून जोडीची बाटली आधी मांडितात. गादीवरचे कोणी पाहावयास आले तर दोन मांडितात.