सुपीरियर कोण, ते ठरायचं हाय

आमच्या फाउंड्रीत मालकांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत प्रत्येकाचं चौगुलेआप्पांशी एकदा तरी कडाक्याचं भांडण झालेलं आहे, आणि प्रत्येकाचं एकाच शब्दावरून. शब्दही इंग्रजी. सुपीरियर. आपल्या वरचा साहेब या अर्थाने सगळं जग तो बिनघोर वापरतं. आप्पा तो माणसाला लावू देत नाहीत.

आप्पा आमच्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार बघतात. आमची कास्टिंग्ज, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, परदेशात जातात, त्यामुळे पत्रं, ईमेल, रिपोर्ट सगळं इंग्रजीत. मजकूर आप्पांचा आणि टायपिंग माझं. मी पेठ वडगावहून रोज स्कूटीवरून येते आणि दोन वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून माझं डोकं कामातून गेलेलं आहे. मी हे कौतुकाने लिहीत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

एकदा एका गिऱ्हाइकाकडून छापील फॉर्मचा गठ्ठा आला. खाली 'सुपीरियर'च्या सहीची जागा. आप्पांनी पट्टी घेतली, लाल पेन घेतलं आणि दोनशे फॉर्मवरचा तो शब्द खोडून 'सीनियर' लिहिलं. अख्खा दिवस गेला. त्याच आठवड्यात नवे मॅनेजर आले, वय वर्षं सत्तावीस. त्यांना सीनियर म्हणणं आप्पांना पटेना. पुन्हा पट्टी, पुन्हा पेन, आणि आता 'हायर'. मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, हा काय प्रकार आहे.

"पगार तुमचा हायर हाय, खुर्ची हायर हाय," आप्पा म्हणाले. "सीनियर मी हाय. सुपीरियर कोण, ते अजून ठरायचं हाय."

मग मॅनेजर माझ्यावर ओरडले, कारण आप्पांवर ओरडून काही उपयोग नसतो.

मी एकदा वैतागून विचारलं, मग 'अबव्ह' लिहू का, साहेब आपल्या वरच असतात की. त्यांनी छताकडे बोट केलं आणि म्हणाले, अबव्ह तो पंखा हाय, त्याला सलाम ठोकतीस व्हय. 'अप्पर' म्हणजे वरचा मजला. 'ओव्हर' म्हणजे डोक्यावरून गेलेलं, जसं मॅनेजरांचं भाषण. असं सगळं त्यांचं ठरलेलं असतं आणि ते ऐकवायला त्यांना बरोबर चार वाजता, ईमेल पाठवायच्या वेळी, सवड सापडते.

बरं, सुपीरियर या शब्दाशी त्यांचं वैर आहे म्हणावं, तर तसंही नाही. गुळाच्या ढेपेला ते सुपीरियर म्हणतात. राधानगरीच्या तांदळाला म्हणतात. शेजाऱ्याच्या म्हशीला तर रोज म्हणतात. एखादं कास्टिंग बिनखोट निघालं की बोटाच्या पेराने त्यावर टकटक करून आवाज ऐकतात आणि मान डोलावून तोच शब्द उच्चारतात. मी म्हटलं, म्हशीला चालतो आणि साहेबाला का चालत नाही? तर म्हणाले, म्हशीचं दूध बघून बोलतो, साहेबाचं काय बघू. माणूस वरच्या जागेवर बसला म्हणून वरच्या प्रतीचा होत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. एका पत्रात मी त्यांच्या नकळत तो शब्द परत घातला, तेव्हा ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. खरं सांगायचं तर ते आठ दिवस फार सुखात गेले.

या उन्हाळ्यात महादेवचा पाय भाजला. महादेव बिद्रीकडचा, भट्टीतलं वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम करतो. स्टोअरमधले बूट संपले होते. त्याने मागितले, तेव्हा शिफ्टच्या सुपरवायझरने सांगितलं, आजच्या दिवस असाच चालव. हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. लोखंड उडालं ते चपलेवर पडलं.

गिऱ्हाइकापर्यंत बातमी गेली आणि त्यांनी लेखी विचारलं, चूक कुणाची आणि कारवाई काय केली. मॅनेजरांनी आप्पांपुढे मराठीत कच्चा मजकूर ठेवला. कामगाराने वरिष्ठांचा आदेश धुडकावून बूट घातले नाहीत, सबब त्याला कामावरून कमी केले आहे. महादेव तेव्हा दवाखान्यात होता. आपण कामावरून कमी झालो आहोत, हे त्याला माहीतही नव्हतं.

नेहमीचं भांडण टाळायला मॅनेजर आधीच म्हणाले, सीनियर लिहा, हायर लिहा, तुम्हांला हवं ते लिहा, पण आज पाठवा. मला वाटलं, आप्पा जिंकले. आप्पांनी कागद दोनदा वाचला.

"ह्यातला कुठलाच शब्द बसत न्हाय," ते म्हणाले. "बूट नव्हते, एवढंच लिवायचं."

मॅनेजरांनी कागद उचलला आणि माझ्या टेबलावर आपटला, इंग्रजी तूच कर म्हणाले.

मला आप्पांचा भयंकर राग आला. त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिलेले, त्यांचं काय जातंय बाणेदारपणा करायला? नोकरी माझी जाणार होती. मी टाइप करायला लागले. तीन ओळी झाल्या, तेव्हा आप्पा उठून माझ्या खुर्चीपाशी आले. मी भांडायच्या तयारीत होते. पण ते भांडले नाहीत.

"पोरी, नको," म्हणाले. "मी एकदा केलंय."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. आप्पा नवे होते तेव्हाची गोष्ट. केरबा नावाचा कामगार होता, दोघं एकाच डब्यात जेवायचे. केरबाची दोन बोटं साच्यांची वाळू कालवायच्या मिक्सरमध्ये गेली. यंत्राचं झाकण महिनाभर तुटलेलं होतं. तेव्हाच्या मालकांनी पत्र लिहायला सांगितलं आणि आप्पांनी झोकात इंग्रजी लिहिलं, की या माणसाने आपल्या सुपीरियरची आज्ञा मोडली. मालकांनी पाठ थोपटली. केरबाला पत्राची प्रत देऊन घरी पाठवलं. गेटवर केरबाने विचारलं, आप्पा, ह्यात काय लिवलंय? आप्पांच्या तोंडून खरं निघेना. चांगलं काम केलंस असं लिवलंय, म्हणाले.

"त्यो चार कारखान्यांत नोकरी मागाय गेलता," आप्पा म्हणाले. "चारी ठिकाणी पयलं त्ये पत्रच काढून दाखवलं. अजून भेटला की म्हणतो, तुमी एवढं चांगलं लिवून दिलंसा, माझंच नशीब खोटं."

आता मला जो राग आला, तो आधीच्यापेक्षा मोठा होता. त्याला खरं का सांगितलं नाही, म्हणून मी त्यांना अख्ख्या ऑफिससमोर झापलं. इतकी वर्षं फॉर्म खोडत बसलात, लाल पेनं संपवलीत, त्यापेक्षा एकदा त्याच्या दारात जायचं होतं.

त्या तीन ओळी मी पुसल्या. बूट नव्हते, ते मागितले होते, तरी काम सुरू करायला सांगितलं, असं नवं पत्र टाइप केलं आणि स्वतः मालकांकडे घेऊन गेले. मॅनेजर तिथेही ओरडले. मीही आवाज चढवला. गिऱ्हाईक तपासणीला आलं की स्टोअरचं रजिस्टर मागणार आणि त्यात बूट संपल्याची नोंद आहे, हे मी मालकांना ऐकवलं. मालकांनी रजिस्टर मागवून ती नोंद पाहिली आणि सही केली. महादेवला कमी करायचं वाक्य त्या पत्रात नव्हतं. पाय बरा झाल्यावर तो कामावर येणार आहे.

साडेपाचला सुटले तर आप्पा माझ्या स्कूटीपाशी उभे. केरबा उचगावला राहतो, तिकडे सोडतेस का, म्हणाले.

"एकट्याला जमत न्हाय," ते म्हणाले. "लई डाव दारापतूर जाऊन आलोय."

माझा राग उतरला नव्हता, अजून पुरता उतरलेला नाही. पण तो म्हातारा माणूस डब्याची पिशवी छातीशी धरून उभा होता आणि मला त्याची फार दया आली.

"बसा," म्हटलं, "येते मी बरोबर."

केरबा दारातच बसला होता. आप्पांना बघून तो लगबगीने उठला आणि आत चहाला सांगितलं. मी कंपनीत टायपिंगला आहे कळल्यावर तर त्याला काय करू नि काय नको असं झालं. ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून त्याने माझ्या हातात दिला. बाई, तुम्हांला इंग्रजी येतंय, जरा वाचून बघा, आप्पांनी माझ्याबद्दल काय लिवलंय, म्हणाला.

मी तो कागद आप्पांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, केरबाला शेजारी बसवून घेतलं, आणि पहिल्या ओळीपासून ते पत्र त्याला मराठीत सांगायला लागले.