पुठ्ठ्यावरचा कोंबडा

आमच्या गावात फुटबॉलमधलं, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलमधलं, माझ्याइतकं कुठल्याच बाईला कळत नाही, असं मी गेल्या वर्षापर्यंत छातीठोक सांगत असे. चौऱ्याहत्तर साली आमची शाळा राज्याच्या अंतिम सामन्याला गेली, तेव्हापासून शुक्रवारचा एकही सामना मी चुकवलेला नाही. थोरल्याच्या वेळी कळा शुक्रवारीच सुरू झाल्या, पण तो शहाणा, आला शनिवारी!

गेल्या वर्षी गावाला दोनच विषय होते. गेविनचा गुडघा आणि क्वाम मास्तरांचा भित्रेपणा. गेविन आमचा क्वार्टरबॅक, प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू व्हायचा. चेंडू घेऊन स्वतःच सुटला की वाऱ्यालाही सापडत नसे. पण गुडघा दुखावला आणि पोरगं सहा आठवडे बाकावर बसलं.

क्वाम आमचे प्रशिक्षक. जुन्या लुंड मास्तरांच्या काळात चेंडू कसा आभाळातून जायचा! हे मात्र चेंडू एका आडदांड पोराच्या पोटाशी देणार, त्याने मधून मुसंडी मारायची, तीन पावलं पुढे पडायचं. पुन्हा तेच. कॅफेतल्या आमच्या कॉफीच्या टेबलावर माझा दीर हार्लन त्यांची बाजू घ्यायचा.

"वहिनी, जिंकतोय ना माणूस?"

"जिंकतोय, पण बघताना डोळा लागतो. एकदा तरी धाडस कर म्हणावं त्याला."

उपांत्य सामन्याला गेविन परतणार असं कळलं. मी चर्चच्या केकविक्रीचा जुना पुठ्ठा काढला आणि कोऱ्या बाजूवर हा भलामोठा लाल कोंबडा रंगवला. गेविनचे केस तुऱ्यासारखे लाल, म्हणून सगळे त्याला लहानपणापासून कोंबडाच म्हणतात. पुठ्ठ्याच्या मागे 'आर्डिस टॉलेफसन यांचे केक' असं माझं नाव वीतभर अक्षरांत होतं, ते तसंच राहू दिलं.

क्वाम मास्तर डाव सांगतात ते चित्रांनी. बाकाजवळून नांगर, किटली, बूट अशा चित्रांचे पुठ्ठे वर होतात. मैदानातून गेविन बघतो आणि डाव ओळखतो. बाकामागे बसणाऱ्या आम्हा लोकांना दिसते ती फक्त पुठ्ठ्यांची पाठ. कुठलं चित्र कशाचं, हे मला पन्नास वर्षांच्या अनुभवातही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

सामना संपायला एक मिनिट होतं. आम्ही चार गुणांनी पुढे, चेंडू आमचाच. आता आडदांड पोराने ढिगाऱ्यात पडायचं आणि घड्याळ संपू द्यायचं. जिंकलोच, म्हणून पहिल्या रांगेत, बरोबर बाकाच्या मागे, मी उभी राहिले आणि कोंबडा उंच धरला. गेविनने बघितलं. परत बघितलं. एवढ्या लांबूनही त्याचं हसू दिसलं. मला वाटलं, माझ्यासाठी हसला.

आणि तो पळत सुटला. दोघांनी त्याला आडवं केलं, चेंडू उडाला, समोरच्यांनी झेलला आणि थेट आमच्या टोकापर्यंत नेला, त्यांना सहा गुण. गेविन पडलेलाच. शेजारी बसलेल्या त्याच्या आईने माझं कोपर घट्ट धरलं. मग पोरगं उठलं, गुडघा झटकून चालू लागलं. गुडघा वाचला. सामना गेला.

रविवारी चर्चमध्ये तो मला म्हणाला, "आजी, मास्तरांनी शेवटी कोंबडा दाखवला, मग मी कशाला थांबतोय?"

"कसला कोंबडा?"

"मी स्वतः पळायचं, त्याचं चित्र. गुडघ्यापायी बंद केलं होतं."

पुढची प्रार्थना मी मान वर न करता म्हटली.

रेडिओवर क्वाम म्हणाले, "तो डाव मीच सांगितला होता." सोमवारी कॉफीच्या टेबलावर त्यांना काढून टाका असा सूर लागला. हार्लनही शरण आला. "वहिनी, तुझंच खरं. या माणसाला धाडस झेपत नाही." फुटबॉलवर मला काहीच मत नाही, असा तो आयुष्यातला पहिला दिवस. मी आणखी एक पॅनकेक मागवला.

संध्याकाळी केक आणि पुठ्ठा घेऊन मास्तरांच्या दारात गेले.

"ठाऊक आहे आर्डिसबाई," ते म्हणाले. "मी मागे वळून पाहिलं होतं."

"मी सांगते सगळ्यांना." हे मी फारच हळू म्हटलं.

"राहू द्या."

आणि मी राहू दिलं. सामन्यापेक्षा मला याचीच जास्त लाज वाटते. त्यांची नोकरी कशीबशी टिकली, तरी मी गप्पच.

निघताना ते म्हणाले, "पुठ्ठा मात्र ठेवून जा. आमचा कोंबडा बदकासारखा दिसतो."

या वर्षीचा पहिला सामना, गेविनचा गुडघा आता ठणठणीत. मास्तरांनी खूण केली, पुठ्ठा वर गेला, गेविन सुसाट सुटला. सारं गाव उभं राहिलं आणि साऱ्या गावासमोर वीतभर अक्षरांत माझं नाव! हार्लनने पुठ्ठ्याकडे पाहिलं, गेविनकडे पाहिलं, मग सावकाश माझ्याकडे.

"वहिनी, गेल्या वर्षी हा तुझ्या हातात होता ना?"

मी त्याला केक हवा का विचारलं.

त्या दिवशी क्वाम मास्तरांनी कोंबडा नऊ वेळा काढला. इतकं धाडस या माणसात आहे, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.