चारशे वर्षांचा पब, आठवडाभरात

इमारत म्हातारी करायला काही लागत नाही. थोडा काळा रंग, थोडा धूर आणि माझ्यासारखा डोकेबाज माणूस, बस्स! हे मी स्टॅनलीला सांगितलं तेव्हा तो ग्लासातल्या फेसाकडे बघत म्हणाला, "मालक, तुम्ही डोकं चालवलंत की माझ्या छातीत धडकी भरते."

पण वेळच तशी आली होती. मी चालवतो तो 'लंगडा घोडा' पब एका बिअर कंपनीच्या मालकीचा, आणि तो पाडून तिथे फ्लॅट उभे करायचं कंपनीने ठरवलं होतं. म्हणजे वरच्या मजल्यावरचा माझा आणि विनीचा संसार रस्त्यावर, आणि स्टॅनलीसारखी मंडळी रोज संध्याकाळी स्वतःच्या घरी! सरकारच्या वारसा खात्याने इमारत जपण्यालायक ठरवली, तरच कंपनीचे हात बांधले जाणार होते. खात्याच्या बाई शुक्रवारी पाहणीला येणार होत्या.

अडचण एवढीच की आमचा पब माझ्या आजोबांच्या तरुणपणी बांधलेला. बाहेरून काळ्या पट्ट्या मारून जुन्या राजेराण्यांच्या काळातला असल्याचा आव, आत मात्र शेवाळी टाईल्स आणि बिअर मागवायला भिंतीत घंटीची बटणं.

"हे सगळं झाकायचं," मी म्हणालो.

"टाईल्स बदल म्हणून मी घसा कोरडा केला," माझी बायको विनी म्हणाली, "तेव्हा तुला हातोडी सापडत नव्हती."

स्टॅनली जुना सुतार. त्याने टाईल्सवर फळ्यांची भिंत उभी केली आणि ड्रिलने तिला किडीची भोकं पाडली.

"कीड मोठी शिस्तीची दिसते," विनी म्हणाली. भोकं एका रांगेत होती.

दारातच मी एक ठेंगणी तुळई बसवली. जुन्या पबमध्ये शिरताना कपाळ आपटलं नाही तर आमच्या लोकांना फसवल्यासारखं वाटतं. खरं लाकूड झेपेना म्हणून तुळई थर्माकोलची, वर काळा रंग.

शुक्रवारी गार्साइडबाई आल्या. चांगल्या उंच होत्या. तुळईवर त्यांचं डोकं थाडकन आपटायला हवं होतं, पण आवाजच आला नाही. तुळईचे दोन तुकडे झाले आणि बाईंच्या केसांत पांढरे दाणे पसरले.

"लाकूड फार जुनं आहे, मॅडम," स्टॅनली म्हणाला. "आतून पोखरलंय."

तोल सावरायला बाईंनी जवळची फळी धरली. फळी हातात आली. तिच्यामागून दुसरी निघाली, मग तिसरी, आणि बघता बघता अख्खी भिंत जमिनीवर आडवी झाली! मागे आमच्या शेवाळी टाईल्स चमकत होत्या. संपलं सगळं, मला वाटलं. विनीकडे बघायची माझी हिंमत होईना.

बाई मात्र गुडघ्यांवर बसल्या. बाहीने एक टाईल पुसली. मग हळूच घंटीचं बटण दाबलं. आत घंटी वाजली आणि विनी सवयीने म्हणाली, "आले, आले."

"अजून चालते?" बाईंनी बटण पुन्हा दाबून पाहिलं. "अहो, हेच बघायला मी आले होते. त्या काळचे पब सगळ्यांनी आतून उकरून टाकले. जसाच्या तसा राहिलेला हा एकच असेल. आणि यावर तुम्ही फळ्या ठोकल्यात?"

"धूळ बसू नये म्हणून," मी म्हणालो.

स्टॅनलीला ठसका लागला.

वसंतात निकाल आला. पब वाचला! मला खरंच रडू आलं, आणि त्या दिवशी कोणीही ग्लास रिकामा ठेवला नाही. गार्साइडबाई मुद्दाम अभिनंदनाला आल्या.

"एकच अट आहे, मिस्टर ऑर्मरॉड," त्या मला म्हणाल्या. "यापुढे इथे तुम्ही कशालाही हात लावायचा नाही."

"निर्धास्त राहा, मॅडम," विनी म्हणाली. "तो एक आठवडा सोडला तर लग्नापासून तो तेच करत आलाय."