माशाचा नजराणा

निजामाच्या अमलात उस्मानाबादेत एक साहेब होते. खात्याचं नाव सांगत नाही, त्यांची माणसं अजून हयात आहेत. साहेब नजराणा घेत नसत. साफ सांगायचे, "मला काही नको. त्या मुक्या माशाला काय घालायचं ते घाला."

मासा समुद्रातला. मुंबईहून काचेच्या हौदासकट आणलेला, बोटाएवढा. समुद्र आपल्यापासून लई लांब, म्हणून विहिरीच्या पाण्यात मीठ कालवून तो कचेरीतच तयार होई. हे काम चपराशी नबीलालकडं. रोज सकाळी तो घोटभर पाणी चाखून "समुद्र बराबर हाय, हुजूर" अशी वर्दी देई. नोकरी कच्ची. पाणी स्वच्छ अन् मासा जिवंत राहिला तर पक्की होणार, नाहीतर घरी. अन् पक्क्या नोकरीच्या भरवशावर त्यानं पोरीचं लग्न ठरवलेलं!

आता साहेबापुढं रिकाम्या हातानं जायची आपल्याकडं रीत नाही. बढती मागणारा पेढे आणी, जमिनीचा तंटेवाला बर्फी. त्यातला एक पेढा मासा घेई, उरलेली टोपली साहेबांचा खानसामा आत नेई. तेर गावचा धोंडीबा तर पुरणपोळ्यांची चळत घेऊन आला अन् एक अख्खी पोळी हौदात सोडून म्हणाला, "वाळलाय वो बिचारा!" आठवड्यात पाणी हिरवंगार झालं, काचेवर शेवाळ चढलं.

नबीलाल घासून घासून बेजार. काच लख्ख झाली की मासा दिसे, दिसला की लोकांना माया येई, अन् पुन्हा शेवाळ दुप्पट. शेवटी त्यानं हात जोडले. "हुजूर, लोकांचं खाऊ घालणं तेवढं बंद करा."

"अरे, मग गोरगरिबांची कामं कशी व्हायची?" साहेब कळवळून म्हणाले.

पुढं व्हायचं तेच झालं. मासा उलटा झाला. नबीलाल साहेबांकडं धावला. "हुजूर, मासा गेला!"

साहेबांनी दार लावून घेतलं. "बाहेरून दिसतो का?"

"न्हाय जी. शेवाळ लई दाट हाय."

"मग गेला, हे ठरवणारा तू कोण?"

दुपारी हुकूम निघाला. माशाच्या प्रकृतीस उजेड सोसत नाही, सबब शेवाळास कोणी हात लावू नये, त्याची योग्य निगा राखावी. मासा आतच राहिला, कारण बाहेर काढला असता तर तो सरकारी दृष्टीनं मेला असता. नबीलाल हौदाला ऊन दाखवू लागला, चिमटीनं शेणखत घालू लागला. नोकरी पक्की झाली, शेवाळाचा दारोगा म्हणून. पोरीचं लग्नही थाटात झालं.

त्यानंतर कैक वर्षं लोक त्या हिरव्या पाण्यात पेढे सोडत राहिले. मला राहवेना. धोंडीबाला विचारलं, "मासा मेलाय, हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"आवो, नाक हाय की आमाला!" तो उखडला. "पर काम झालं न्हवं?"

हसताय काय? परवा दाखल्यासाठी कचेरीत चहापाण्याचं म्हणून ठेवून आलात ना? चहा आला होता का?