हत्ती वगळून मंजूर

अर्ज नामंजूर झाला की आमचे गभणे काका पेढे वाटतात.

मंजूर झाल्यावर वाटणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, त्यात काही विशेष नाही. गभणे काका मात्र दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे नागपूरहून आलेला लिफाफा फोडतात, "आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही" हे वाक्य मोठ्यानं वाचतात आणि भिलाईतल्या सेक्टर दहाच्या मार्केटातून पावभर पेढे घेऊन सुपेल्यात माझ्या दुकानात येतात. "घे बे नरेश, रिजेक्ट झालो," म्हणत थेट कीबोर्डवर डबा उघडतात. पहिल्या वेळी मला वाटलं, धक्क्यानं माणूस कामातून गेला. मी स्टूल दिलं, पाणी दिलं आणि गुपचूप काकूंना फोन लावायला घेतला.

माझं दुकान झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं. अशी दुकानं सुपेल्यात पैशाला पासरी, पण मराठी टाइप करणारा मी एकटाच. म्हणून काका माझ्या वाट्याला आले.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, भरघोस मिशीवाले. अख्खी नोकरी त्यांनी पोलादाच्या प्लांटात तयार झालेले रूळ तपासण्यात काढली आणि रिटायर झाल्यावर उरलेलं जग तपासायला घेतलं. कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी बोटाच्या पेरानं वाजवतात आणि कान देऊन ऐकतात. समोसासुद्धा. "आवाज बोदा हाये," म्हणून परत करतात, आणि समोसेवाला मुकाट्यानं दुसरा देतो. माझ्या बहिणीला पाहायला मुलगा आला तेव्हा यांनी त्याच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या, आणि मुलगा सोफ्यावरून उठून उभा राहिला. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी, घरात काकूंनीही, ऐकलेला नाही. फार खूश झाले तर म्हणतात, "दोष आढळला नाही."

तर अर्जाची गोष्ट अशी. शकुंतलाकाकू कथा लिहितात. दर वर्षी दोनशे पानी एक वही, मोत्यासारखं अक्षर, मराठीत. आता भिलाईत मराठी कथा वाचणार कोण? आमची पोरं अक्षरं वाचतात, लिपी हिंदीचीच आहे, पण दोन ओळी झाल्या की विचारतात, "इसका मतलब क्या हुआ?" काकूंचा मुलगा बंगळुरात असतो. आईनं पानाचा फोटो पाठवला की तो अंगठा पाठवतो.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्यांची पुस्तकं छापायला अनुदान देणारी एक संस्था नागपुरात आहे, हे काकांना कुठूनसं कळलं. अर्ज प्रकाशकानं करायचा होता, म्हणून काकांनी प्रकाशन काढलं. भोंगा प्रकाशन. अध्यक्ष काका, सचिव काकू, सदस्य मी. मला हे माझ्याच दुकानात लेटरहेड छापताना कळलं.

पहिल्या वर्षी एका कागदावर सही राहिली म्हणून अर्ज वही न वाचताच परत आला. त्या वर्षी पेढे नव्हते, काका आठ दिवस तोंड पाडून होते. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांनी असा कडेकोट अर्ज केला की नाव ठेवायला जागा नाही, आणि शेवटी 'अपेक्षित साहाय्य' या रकान्यात लिहायला लावलं, 'पुस्तके वाचकांपर्यंत पोचविण्यासाठी एक बैलजोडी.' मी म्हटलं, काका, हे वाचून ते अर्ज फेकतील. ते म्हणाले, फेकायलाच पाहिजे, पण वाचून झाल्यावर.

पुढे दर वर्षी तेच. एकदा वाचकांना टेकायला शंभर बाजा मागितल्या. एकदा प्रकाशन समारंभाला अग्निशमनाची गाडी. एकदा लेखिकेसाठी दुभती म्हैस, कारण 'लेखनप्रक्रियेत चहाचा वापर होतो.' मी अर्ज आणि सोबतची वही निमूटपणे टाइप करत गेलो. पाच वर्षांपूर्वी मात्र माझा संयम सुटला आणि मी स्पष्टच विचारलं, की तुम्हाला अनुदान हवंय का नकोय.

काकांनी आधी माझा प्रिंटर वाजवून पाहिला. मग म्हणाले, "पास झालेल्या रुळावर नुसता ठप्पा मारतेत. रिजेक्ट झाला तं कारण लिवा लागते. कुठं चीर हाये, किती हाये, सगळं."

मग त्यांनी लिफाफ्यातला दुसरा कागद दाखवला. संस्थेचे परीक्षक वही वाचतात आणि नामंजुरीसोबत आपला अभिप्राय पाठवतात, हे काकांनी पहिल्याच वर्षी नियमांत वाचलं होतं. 'संवाद जिवंत, परिच्छेद फार लांब.' 'लेखिकेने नळावरची रांग पाहिलेली दिसते.' बस, एवढ्या दोन ओळी. त्या ओळी काका घरी नेऊन काकूंना वाचून दाखवायचे. काकू तांदूळ निवडायच्या थांबायच्या आणि म्हणायच्या, पुन्हा वाचा. परिच्छेद लांब म्हटलं की पुढच्या वर्षीचे परिच्छेद तोकडे व्हायचे. पावसाचं वर्णन जास्त म्हटलं त्याच्या पुढच्या वहीत अख्ख्या वर्षात एक थेंब पडला नाही. काकूंना पुस्तक नको होतं, नाव नको होतं. कुणीतरी वाचलं, एवढंच कळायला हवं होतं, आणि ते त्यांना वर्षातून एकदा कळत होतं.

मी म्हटलं, मग तुम्हीच वाचून सांगत जा की. काका दचकले. "माल ज्या घरात बनला, त्या घरानं पास नाही कराचा," ते म्हणाले. म्हणजे हे स्वतः वाचतही नसणार, असं मी धरून चाललो.

यंदा काकांनी ग्रंथदिंडीसाठी एक हत्ती मागितला, माहुतासह. आणि घात झाला. तीन ओळींचं पत्र आलं. 'आपला प्रस्ताव हत्ती वगळून मंजूर करण्यात येत आहे.' लिफाफा उलटा करून झटकला तरी दुसरा कागद निघाला नाही.

काका दुकानात आले ते बसलेच. पेढे नाहीत, वाजवणं नाही. मी नागपूरला फोन लावून स्पीकर चालू केला. तिकडचे गृहस्थ फार सज्जन होते. त्यांनी अभिनंदन केलं आणि सांगितलं, की मंजूर वह्यांचे अभिप्राय फायलीतच राहतात, बाहेर देत नाहीत. काकांनी विनंती केली, की मग नामंजूर करा. तशी तरतूद नव्हती. मंजुरीविरुद्ध अपील? तेही नव्हतं. नामंजूर व्हायचंच असेल तर पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करावा, असं त्यांनी सुचवलं आणि हत्तीबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

मला हसू आवरेना. पण काकांचा चेहरा पाहिला आणि हसू जिथल्या तिथे थांबलं.

"तुही काकू सकाळपासून वाट पाहून राहिली," ते म्हणाले. "काय सांगू तिले?" मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तं सगळं टाइप केलं. तुले कसं वाटलं?"

आठ वह्या टाइप केल्या, नववी तर महिन्याभरापूर्वीच, आणि मला कथेचं नावही आठवेना. टाइप करणाऱ्याला अक्षरं दिसतात, मजकूर दिसत नाही, हे खरं आहे. पण नऊ वर्षं एक बाई दोन ओळींसाठी नागपूरकडे डोळे लावून बसली होती, आणि तिची सगळी पानं माझ्या बोटांखालून गेली होती. मला माझीच लाज वाटली. काकांनी पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि निघून गेले.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि भरदुपारी वाचायला बसलो. नववी वही वाचली. बाई चांगलं लिहितात हो. पण दुसऱ्याच पानावर कथेतला नवरा मेला. मला शंका आली म्हणून आठवी उघडली, तिथेही मेला. सातवीत मेला. मग मी एकामागून एक सगळ्या फायली चाळत गेलो. नऊ वह्या, नऊ नवरे, सगळे मिशीवाले, सगळे अबोल, आणि एकही शेवटच्या पानापर्यंत पोचलेला नाही.

संध्याकाळच्या चहाला मी सेक्टर दहात काकांच्या क्वार्टरवर पोचलो. काका खुर्चीत, काकू खाली पाटावर. पत्र अजून खिशातच होतं. मीच सांगून टाकलं, की मंजूर झालंय, पण अभिप्राय आलेला नाही.

"म्हणजे कोनं वाचलंच नाही का?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, मी वाचलंय. नळावरचं भांडण अगदी आमच्या हुडको कॉलनीतलं वाटलं हे सांगितलं, मधली दहा पानं पसरट झालीत हेही सांगितलं. काकू मान हलवत ऐकत होत्या. मग मी भीत भीत म्हटलं, "फक्त काकू, नवरा दर वेळी मरतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या काकांकडे पाहत होत्या.

"पयला सायकलवरून पडला," काका खुर्चीतून हळूच म्हणाले. "दुसऱ्याले कावीळ. तिसऱ्याच्या नरड्यात लाडू अडकला. चवथ्याले साप. पाचवा झोपेतच गेला, त्याले तरास नाही झाला." त्यांनी नऊच्या नऊ मृत्यू ओळीनं सांगितले, एकही न चुकता. "यंदाचा लय लवकर गेला. मी वही बंद करून बसलो थोडा वेळ."

"मंग इतके वर्षं बोलले कावून नाही?" काकूंनी विचारलं.

"मी घरचा माणूस. माझ्या बोलण्याले काय अर्थ?"

"नऊ नवरे मारले मी," काकू म्हणाल्या. "वाटे, एकाच्या वेळी तरी तुम्ही म्हणाल, का बाई, याले राहू दे."

मला उठावं की बसावं कळेना. काकांनी बोटाच्या पेरानं खुर्चीचा हात वाजवला.

"दहाव्याले राहू दे," ते म्हणाले. "चांगला माणूस हाये तो. बोलता येत नाही त्याले, एवढंच."