न कळवलेलं इंजिन

कारापूरच्या तिठ्यावर बाबल मेस्त्रींचं गॅरेज होतं. तिथे गाडीचा साधा भोंगा बदलायचा असला, तरी मेस्त्री आधी गिऱ्हाइकाला बाकावर बसवून विमा कंपनीला अर्ज लिहायला लावत. अर्जावर सही झाल्याशिवाय ते गाडीला हात लावत नसत. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणत, "कळवन ठेवललां बरां."

हे सगळे अर्ज यायचे माझ्या टेबलावर. मी डिचोलीच्या विमा कचेरीत कारकून. गोव्याचं वेगळं राज्य होऊन दोनचार वर्षं झाली होती, मराठी-कोकणीचा वाद अजून गरम होता, आणि मेस्त्री घरात मालवणी बोलून अर्ज मात्र शाळेतल्या निबंधासारख्या मराठीत लिहून घेत. "सदर जीपच्या टपावर लोखंडी कॅरियर बसविले असून त्यावर फणस ठेवण्याचा मालकाचा मानस आहे." "सदर मोटारीच्या खिडक्यांस फुलाफुलांचे पडदे लावले आहेत. आरशात मागचे दिसते, याची खात्री केली आहे."

साहेब असले अर्ज मोठ्याने वाचून दाखवत. सगळी कचेरी हसायची. मेस्त्रींची गिऱ्हाइकं मात्र हळूहळू साखळी गावातल्या दुसऱ्या गॅरेजकडे वळली. तिथे कोणी लिहायला लावत नव्हतं.

एकदा अर्ज आला, "सदर टेम्पोच्या पुढील बाजूस लिंबू व सात मिरच्या बांधण्यात आल्या आहेत." मेस्त्री स्वतःच घेऊन आले होते. मला त्यांच्या तोंडावर हसू फुटलं.

"हसा," ते शांतपणे म्हणाले. "मी पण हसललंय एकदा."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ सदू साखळी-वाळपई जीप चालवायचा. पेट्रोल परवडेना म्हणून मेस्त्रींनी त्याच्या जीपमध्ये जुनं डिझेल इंजिन बसवून दिलं. "सदू म्हणी होतो, दादा, विमावाल्यांका कळवया. मी हसलंय. म्हटलंय, बॉनेटाखाली कोण बघता?"

पुढे केरीच्या उतारावर जीप खनिजाच्या ट्रकवर आदळली. सदूचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. जीपचा दावा आमच्या कचेरीने फेटाळला: गाडीत मोठा बदल, कंपनीस न कळविता. ते पत्र मीच टाइप केलं होतं. किती पत्रं टाइप करतो आपण. एकही लक्षात राहत नाही. हे आठवलं, कारण पत्ता लिहिताना मी 'सदाशिव' दोनदा चुकवलं होतं.

मी तसं त्यांना सांगितलं. मेस्त्री म्हणाले, "तुमचो काय दोष? इंजिन मी बदललंय." सदू तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नव्हता. सात वर्षं. आई गेली तेव्हाही दोघे भाऊ अंगणाच्या दोन टोकांना उभे होते.

त्या वर्षी गणपतीनंतर मेस्त्रींकडून सदूच्याच नावावरच्या स्कूटरचा अर्ज आला. मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं, पायाचा ब्रेक हातात घेतलेला. सदू आता तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. कारखान्यानेच स्कूटर दिली असं त्याला वाटत होतं. मेस्त्रींनी तिथल्या मॅनेजरच्या हातापाया पडून त्याला तसं सांगायला लावलं होतं.

गाडी बघून चॅसी नंबरचा पेन्सिलने ठसा घ्यायला मी तुयेला गेलो. मेस्त्री सोबत आले, पण वसाहतीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर थांबले. "माका बघल्यार तो गाडी वापरूचो नाय."

सदू चाळिशीचाच, पण केस पांढरे. त्याने मला ठसा घेऊ दिला. मग दांड्यावरच्या ब्रेकवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या बोटांच्या मापाचो ब्रेक. कारखान्याक माझ्या बोटांचा माप खंयसून कळला?"

मी कागदाची घडी करत राहिलो.

"त्याका सांगा," सदू रस्त्याकडे न बघता म्हणाला, "ब्रेक वांयच घट आसा."

मी जाऊन निरोप दिला. मेस्त्रींनी हातातला चहाचा ग्लास गाड्यावर ठेवला. मग एकदम विचारलं, "वांयच म्हणजे कितको?"

मी उन्हात परत फाटकापाशी गेलो. सदूने ब्रेक दाबून पाहिला, दोन बोटांत पाव इंचाचं अंतर धरून दाखवलं. "दोन सूत."

परत आलो. मेस्त्रींनी पिशवीतून एक लहान पाना काढला. "हो नेवन द्या. त्याका येता सगळा. बारा वर्षांचो होतो तेव्हा मीच शिकवललंय."

मी म्हटलं, "तुम्हीच चला ना." त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

सदूने पाना हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. कुबडी भिंतीला टेकवून तो स्कूटरपाशी खाली बसला आणि ब्रेकची तार सैल केली. पुन्हा दाबून बघितलं. पाना पँटला पुसला. मी हात पुढे केला, पण त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. स्कूटरचा डबा उघडून त्याने पाना आत ठेवला आणि डबा लावला.

मी चहाच्या गाड्यावर परतलो. मेस्त्री माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होते.

"ठेवल्यान?"

"ठेवला."

त्यांनी चहावाल्याला आणखी दोन चहा सांगितले, आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवले. "एक तुमचो, एक त्याका."