पद्माबाईंचा ठोसा

वसमतच्या पाटबंधारे कचेरीतले कारकून अमृतराव पन्नाशीत कोरियन मारामारी शिकायला लागले, आणि त्यांच्या बायकोने ती बातमी दारातल्या शेळीला सांगितली. "बाई, मालकाचं डोकं फिरून राहिलं," एवढंच.

पद्माबाई वर्षभर नवऱ्याशी थेट बोलत नव्हत्या. त्यांची एकुलती लेक मालन पोटुशी असताना माहेरी आली होती. अंगात ताप होता. चार दिवस राहू द्या म्हणून पद्माबाईंनी पदर पसरला, पण अमृतरावांनी व्याह्यांना तिला लगेच परत पाठवायचा शब्द दिला होता, आणि ते पडले शब्दाचे पक्के. त्यांनी पोरीला एसटीत बसवून दिलं. पुढच्या आठवड्यात ती गेल्याचा निरोप आला. तेव्हापासून ताट वाढलं की शेळीला कळायचं, मीठ संपलं तरी शेळीलाच. अमृतरावांनी ते बाजूला बसून ऐकून घ्यायचं.

त्यांची झोप उडाली होती. कचेरीतला तरुण ओव्हरसियर धर्मसिंग बंगलोरहून तायक्वांदो शिकून आला होता; तो म्हणाला, याने झोप येईल. त्यात पाच तत्त्वं होती : सौजन्य, सचोटी, चिकाटी, संयम आणि हार न मानणं. अमृतरावांनी ती पाठ केली. पहिल्या फॉर्मचं, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेचं, नाव चोनजी, म्हणजे आकाश आणि धरती. समोर कोणी नसताना चारी दिशांना वळून वार अडवायचे, ठोसे मारायचे आणि जिथून निघालो तिथंच येऊन थांबायचं. अमृतराव निघत अंगणातून आणि थांबत चुलीपाशी. पण थोडी थोडी झोप लागू लागली, हे खरं.

मग कालव्याच्या कामासाठी धर्मसिंगला सिद्धेश्वर धरणावर जावं लागलं. जाताना तो बजावून गेला, की आता जोडीने सराव करा. एकाने वाकून नमस्कार करायचा, ओरडायचं आणि एक पाऊल पुढे टाकून तोंडावर ठोसा मारायचा; दुसऱ्याने तो हाताने अडवायचा आणि शेवटी उलटा वाकून नमस्कार करायचा. ठोसा बोटभर अलीकडे थांबवायचा, तोच संयम. अमृतरावांनी शेजारच्या सोनाजीला उभं केलं आणि त्याचा ठोसा असा काही अडवला, की बिचारा आठवडाभर हात गळ्यात बांधून हिंडला. त्यानंतर दुसरं कोणी फिरकेना.

शेवटी एका सकाळी पद्माबाईंनी केरसुणी खाली ठेवली आणि मुकाट्याने नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. अमृतरावांनी चाचरत सगळी रीत सांगितली.

"वरडावं लागतं," ते म्हणाले. "बिगर वरडता ठोसा धरत न्हाईत."

पद्माबाई वाकल्या. मग त्या अशा ओरडल्या, की शेळीने दावं तोडलं. वर्षभराचा आवाज एकदम निघाला होता. ठोसा काही बोटभर अलीकडे थांबला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही आणि तिसऱ्याही नाही.

भिंतीपलीकडच्या लक्ष्मीबाईंनी जे पाहिलं ते वस्तीत सांगितलं : बाई आधी नवऱ्यापुढे वाकते, मग त्याला मारते, आणि मार खाऊन तोच उलटा वाकतो. सुजलेला गाल साक्षीला होताच. कचेरीतला शिपाई रोज पुडीत हळद बांधून आणू लागला. बातमी कुरुंद्याला पोचली आणि अमृतरावांची थोरली बहीण जनकाबाई मिळेल त्या एसटीने गाठोडं घेऊन हजर झाली. संध्याकाळी अंगणात निम्मी वस्ती बसली.

हा मार नाही, विद्या आहे, असं अमृतरावांनी परोपरीने सांगितलं. कोणाला पटेना, म्हणून त्यांनी उठून आकाश आणि धरती करून दाखवली. हवेत ठोसे मारत ते चारी दिशांना फिरले, तेव्हा जनकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मार मेंदूपर्यंत गेलाय, याबद्दल कोणालाच शंका उरली नाही.

सोनाजीला मात्र आपला हात आठवला. "माझा ठोसा तर तुमी हात मोडस्तोवर अडवला, दादा. मंग वैनीचा काहून न्हाई अडवला?"

अमृतरावांनी सुजल्या गालावर हात ठेवला. "अडवावा वाटला न्हाई," ते म्हणाले.

"आन् तू गं? काहून मारतीस त्येला?" जनकाबाईंनी भावजयीला विचारलं.

"मालनला ताप होता, वन्सं," पद्माबाई म्हणाल्या. "मी चारच दिस मागितले होते."

माणसं एकेक करून उठली. जनकाबाईंनी उद्यापासून हे सगळं बंद असं फर्मान काढलं, आणि भावाने मान डोलावली.

सकाळी बहीण स्टँडकडे गेली तरी अमृतराव भिंतीला टेकून बसूनच राहिले. ठोशाच्या निमित्ताने का होईना, बायको रोज समोर येऊन उभी राहत होती. आता तेही गेलं होतं. एवढ्यात पद्माबाई दारात आल्या आणि थेट त्यांच्याकडे बघून बोलल्या.

"उठा. आज अडवा. माझाबी हात सुजून राहिला."

अंगणात त्या वाकल्या, ओरडल्या, आणि ठोसा आला. अमृतरावांनी तो अडवला, अगदी हळू. पद्माबाईंनी मूठ मागे घेतली नाही. ती त्यांच्या मनगटावर तशीच टेकून राहिली आणि दोघंही उभ्या उभ्या रडू लागली. लेक गेल्यापासून दोघं एकमेकांसमोर पहिल्यांदाच रडत होती.

एसटी सुटायच्या आत स्टँडवर बातमी पोचली, की बंदी मोडून अमृतरावांनी आज उलटा हात उचलला आणि बाईला रडवलं. जनकाबाई गाठोडं घेऊन गाडीतून खाली उतरल्या.